पागेतील पंचवीस

1638 च्या सुमारास आपले बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र शिवराय यांनी पुढे स्वराज्यात घोडदळाची जी घडी बसवली, ती शिक्षकांनी अभ्यासावी अशी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. तेवढ्याच घोड्यांमागे एक नालबंद, एक पखालजी. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घरचा. तरी शिलेदारानेही पागेच्याच आज्ञेत वागायचे. मुरलेले आणि नवखे एकत्र दौडवायचे, तर प्रत्येकाची मांड ओळखावी लागते. पंचवीस जणांची ती ओळखता येते. आजच्या रपेटीच्या वर्गातही नवख्याला शांत घोडा देतात, वेग त्याच्या बेताने ठेवतात. (मुरलेल्याला मग लगाम आवरण्याचा धडा मिळतो!) आमच्या शाळेत घरी मराठी बोलणारी आणि गल्लीतल्या कन्नडवर वाढलेली मुले शेजारी बसतात. तुकड्या पाडताना मी पट आधी पाहते.