आलेखात न मावलेले

आलेखही मजकुरासारखा वाचावा लागतो, असे आम्ही म्हणतो तेव्हा आमच्यासमोर फ्लोरिडातील एग्लिन हवाई तळावरचे काही आलेख असतात. लढाऊ वैमानिक जॉन बॉइड १९६२ मध्ये जॉर्जिया टेकची पदवी घेऊन बाहेर पडले आणि या तळावर रुजू झाले. त्यांचे सूत्र शाळकरी वाटावे इतके साधे आहे: इंजिनाच्या रेट्यातून हवेचा रोध वजा करा, वेगाने गुणा, वजनाने भागा. उरते ती विमानाची शिल्लक. तिच्या जोरावर ते उंची तरी गाठते, नाहीतर वेग तरी. ऊर्जेचा हा विचार नवाही नव्हता. रुटोव्स्की यांनी तो १९५४ मध्येच मांडला होता. परंतु प्रत्येक उंचीला, प्रत्येक वेगाला हे गणित हाताने कोण करणार? बॉइड यांना संगणकाचा वेळ मिळेना. टॉमस क्रिस्टी या मुलकी गणितज्ञाने तो भलत्याच कामांच्या नावावर मिळवून दिला. (पुढे चौकशी झाली, ती निराळी.) मग अमेरिकी विमानांचे आलेख सोव्हिएत मिगच्या आलेखांशी ताडून पाहिले गेले, आणि बऱ्याच ठिकाणी मिग सरस निघाले. हवाई दलाला हे पचणे कठीणच होते.

तरीही आम्हांस अडते ते वेगळ्याच जागी. बॉइड यांनी १९५३ मध्ये कोरियात एफ-८६ चालवले होते. तिथले मिग-१५ चढण्यात वरचढ होते, तरी आकाशयुद्धात सरशी एफ-८६चीच झाली. त्याच्या काचेच्या घुमटातून चौफेर दिसत असे, आणि एका हालचालीतून दुसरीत ते झटकन जाई. यातले काहीच त्या सूत्रात बसत नाही. पुढील काळात बॉइड याच प्रश्नाकडे वळले.