सुखुमीचे हरवलेले युरेनियम

१/८
२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी स्वयंसेवक होते. १९६१ च्या विलीनीकरणापर्यंत दादरा-नगर हवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. पोर्तुगालने मात्र हा वाद हेगच्या न्यायालयात नेला.

२/८
हातात सत्ता आहे, पण जगाची मान्यता नाही, अशा प्रदेशात अणुसामग्री असेल तर तिचा हिशेब कोणी द्यायचा? सिल्वासात हा प्रश्न उद्भवला नाही. काळ्या समुद्राकाठच्या सुखुमीत उद्भवला.

३/८
१९४५ मध्ये सोव्हिएत संघाने सुखुमीत जर्मन शास्त्रज्ञ आणून अणुबाँबसाठी समस्थानिके वेगळी करण्याचे संशोधन आरंभले. नोबेलविजेते गुस्ताव हर्ट्झ त्यांपैकी एक. तिथली भौतिकी-तंत्र संस्था याच कामातून वाढली.

४/८
सोव्हिएत संघ कोसळला. ऑगस्ट १९९२ मध्ये अबखाझियाचे युद्ध पेटले; २७ सप्टेंबर १९९३ रोजी सुखुमी जॉर्जियाच्या हातून गेले. संस्थेतील जॉर्जियन शास्त्रज्ञ परागंदा झाले.

५/८
१९९२ च्या नोंदीत संस्थेकडे सुमारे ६५५ ग्रॅम अतिसमृद्ध युरेनियम होते. डिसेंबर १९९७ मध्ये रशियन पथक पोचले, तेव्हा ते जागेवर नव्हते. ते कोणी नेले, याचा उलगडा झालेला नाही.

६/८
एवढ्याने बाँब होत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था त्यासाठी २५ किलो युरेनियम-२३५ हे प्रमाण धरते. पण थोडेथोडे जमवणाऱ्याला अशीच बेवारस कोठारे हवी असतात.

७/८
तुलनेसाठी मुंबई पाहा. मे २०२१ मध्ये एटीएसने सुमारे ७ किलो युरेनियम पकडले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते नैसर्गिक असल्याचे, म्हणजे त्यात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असल्याचे स्पष्ट केले. तपास एनआयएकडे गेला. ते बाजारात आलेच कसे, हा प्रश्न गंभीर होताच. पण तो विचारायला दार होते. सुखुमीत कायद्याने उत्तरदायी तिबिलिसी होती आणि कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती.

८/८
मान्यता नसलेली प्रत्येक सत्ता अन्यायीच असते असे नाही. दादरा-नगर हवेलीचा इतिहास आपल्याला ते सांगतो. परंतु किरणोत्सर्गी द्रव्याला न्याय-अन्याय कळत नाही. म्हणून सार्वभौमत्वाचा वाद मिटेपर्यंत निरीक्षकांना दाराबाहेर ताटकळत ठेवणे कोणत्याच पक्षाला परवडणारे नाही.