मुंबई उपनगरांतील किशोरवयीनांचे डिजिटल जीवन आणि धोरणाचा पुरावा

मुलांच्या जीवनासंबंधी नियम करण्यापूर्वी त्या जीवनाची पाहणी व्हावी, हे तत्त्व अमान्य करणारा कोणी सहसा आढळणार नाही. तथापि मुंबईच्या उपनगरांतील मुलांचा संगणकाशी व पुढे फोनशी जो संबंध आला, त्याविषयीच्या नियमांचा इतिहास पाहिला तर निराळेच चित्र दिसते. मुले एका जागेहून निघून जातात आणि नियम मागाहून त्या जागी येऊन पोहोचतात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. घरी संगणक असणे ही त्या काळी मोजक्यांची चैन होती. म्हणून पुढील दहा वर्षांत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या स्थानकांच्या परिसरात झेरॉक्स व एसटीडीच्या दुकानांच्या जोडीने सायबर कॅफे निघाले. तासाच्या भाड्याने मिळणारी तेथील खुर्ची आणि तिच्या बाजूची प्लायवुडची फळी यांचे मोल समजण्यास या भागांतील घरांचा आकार ध्यानी घ्यावा लागतो. १९९५ सालच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कुटुंबामागे २२५ चौरस फुटांचे घर ठरले होते. आणि ते ज्यांना मिळाले, ते तुलनेने भाग्यवानच म्हटले पाहिजेत. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला फळीआडची खुर्ची ही एकांताची पहिली ओळख होती.

न्यायसंस्थेला व शासनाला मात्र त्या फळीत प्रामुख्याने धोका दिसला. तो काल्पनिक होता असे नव्हे. अश्लील सामग्रीपासून अल्पवयीनांचे रक्षण कसे करावे, याचा विचार करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००१ साली एक समिती नेमली. सायबर कॅफेत येणाऱ्यांजवळ ओळखपत्र असावे आणि अल्पवयीनांना उघड्या जागेतील संगणकच वापरू द्यावेत, अशा आशयाच्या शिफारशी तिने २००२ साली केल्या. याच धर्तीच्या तरतुदी केंद्र शासनाच्या २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांत आढळतात. फळीची उंची साडेचार फुटांहून अधिक असू नये, आणि पालक बरोबर नसताना अल्पवयीनास आडोशात बसू देऊ नये, असे ते नियम सांगतात. सुतारकामाचे माप इतक्या काटेकोरपणे देणारे नियम मुले तेथे येतात कशासाठी, याविषयी मात्र काही बोलत नाहीत. वास्तविक त्याच्या दोनच वर्षे आधी, २००९ साली, मुंबई महानगर प्रदेशातील अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले होते. ज्या घरी संगणक नव्हता, तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला संगणकासमोर बसविण्याचे एक कारण शासनानेच निर्माण केले होते.

यानंतर जागा बदलली. महापालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब देण्यास आरंभ केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. कॅफे ओस पडू लागले आणि पडद्याने घरात प्रवेश केला. पण तो घरातील कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

त्या प्रश्नाचे गांभीर्य २०२० साली उघड झाले. मार्चमध्ये बंद झालेल्या मुंबईतील शाळांचे आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भरले, पहिली ते सातवीचे त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला. मधल्या काळासाठी केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' मार्गदर्शिका काढली. पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोन तासिकांहून अधिक नकोत, अशी तीत मर्यादा होती. डोळ्यांच्या व मनाच्या दृष्टीने ती योग्यच होती. परंतु घरात एकच फोन, शिकणारी तीन भावंडे, आणि तो फोन घेऊन वडील सकाळीच कामावर गेलेले, अशा कुटुंबात मिनिटांच्या मर्यादेला अर्थ उरत नव्हता.

येथे संशोधनाच्या मापकाचा विचार करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) नागरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली. हा आकडा कुटुंबाचा आहे. कुटुंबातील मुलीचा नव्हे. या दोहोंत किती अंतर असू शकते, हे 'असर' पाहणीच्या २०२३ च्या अहवालावरून कळते. चौदा ते अठरा वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरताही येत होता. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्के होत्या. कुटुंब हे एकक धरले की हा भेद नाहीसा होतो.

तथापि ही पाहणी ग्रामीण भागाची आहे, आणि त्या वर्षी महाराष्ट्रातून तीत एकट्या नांदेड जिल्ह्याचा समावेश होता. मुंबई उपनगर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या ९३,५६,९६२ असून ती सर्वस्वी नागरी आहे. त्यामुळे हा जिल्हा अशा पाहणीच्या कक्षेबाहेरच राहतो. ही पाहणी ज्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिली, तिचे कार्य १९९४ साली मुंबईच्याच वस्त्यांतून सुरू झाले होते, हा योगायोग चमत्कारिक खरा. नांदेडच्या खेड्यातील मुलीचे उत्तर घाटकोपरच्या चाळीतील मुलीस लागू पडेलही; परंतु ते गृहीत धरणे आणि तपासून पाहणे या भिन्न गोष्टी होत.

दरम्यान कायदा पुढे गेला आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक ठरवून पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली. स्वतंत्र विकासाच्या दृष्टीने ही वयोमर्यादा अधिक वाटेल, असे न्या. श्रीकृष्ण समितीनेच २०१८ साली नमूद केले होते. तरी करारविषयक कायद्याशी मेळ राहावा म्हणून तिने ती कायम ठेवली. म्हणजे येथेही वय ठरले ते जुन्या कायद्याच्या आधारे, मुलांच्या पाहणीतून नव्हे. याउलट संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ चे डिजिटल पर्यावरणविषयक भाष्य सिद्ध करताना ७०० हून अधिक मुलांची मते घेतली होती.

२०२३ च्या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि संमतीची तरतूद अमलात येण्यास अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. फोन आईचा, खाते आईच्या नावाचे आणि ते चालविणारी चौदा वर्षांची मुलगी, अशा घरी संमती कोण कोणाची घेणार, हे पाहण्यास अभ्यासकांच्या हाती तेवढाच अवधी आहे.