शाफ्ट काढणे (यांत्रिक नौका)

इंजिनाची गती पंख्यापर्यंत नेणारा दांडा तपासणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी नौकेबाहेर घेण्याचे काम. रायगड किनाऱ्यावर नागावच्या उत्तरेला आक्षी-साखरची खाडी आणि दक्षिणेला रेवदंड्याजवळ कुंडलिकेचे मुख आहे. येथील बैठ्या इंजिनाच्या मासेमारी नौकांना हे काम करावे लागते.

हंगाम : पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. नौका उधाणाच्या भरतीला वर ओढून शाकारल्या की तळ कोरडा मिळतो. पाण्यात असताना शाफ्ट काढल्यास स्टर्न ट्यूबमधून, म्हणजे शाफ्ट बाहेर नेणाऱ्या नळीतून, पाणी थेट आत येते.

कृती : गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन्ही फ्लँजवर पंचाने खूण करून बोल्ट काढतात. पंख्याचा नट सैल करून दोन-तीन आट्यांवर ठेवतात, म्हणजे पुलरने ओढताना पंखा निसटून अंगावर येत नाही. कपलिंग घट्ट असेल तर शाफ्टच्या टोकाला टेकेल असा लोखंडी तुकडा फ्लँजमध्ये धरून लांब बोल्ट आळीपाळीने आवळतात. हातोड्याचे घाव टाळावेत. त्याने गिअरबॉक्सचे बेअरिंग दुखावते आणि शाफ्टचे टोक पसरते. पाणी अडवणारे पॅकिंग दाबून धरणारा ग्लँड सैल करून शाफ्ट मागे ओढतात. सुकाण आडवे येत असल्यास ते आधी उतरवतात.

बुश व झीज : काढलेल्या शाफ्टवर सर्वांत आधी पाहायची ती शाफ्टला आधार देणाऱ्या बुशची आणि ग्लँडची जागा. पॅकिंगखाली नखाला लागेल इतकी खाच असेल, तर नवे पॅकिंग भरूनही गळती थांबत नाही. स्टेनलेस स्टीललाही येथे धोका असतो : नौका उभी असताना पॅकिंगखालच्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, धातूवरचा संरक्षक थर तुटतो आणि बारीक खड्डे पडतात. बुश एकाच बाजूने झिजला असेल, तर बहुधा इंजिनाची जुळणी बिघडली आहे. नुसता बुश बदलून भागत नाही. जहाजांत सुरुवातीला धातूचे बुश लवकर झिजत. १८५४ मध्ये जॉन पेन या इंग्रज अभियंत्याने लिग्नम व्हायटी या तेलकट, कठीण लाकडाच्या पट्ट्यांचे बेअरिंग आणले. त्याला वंगण समुद्राच्या पाण्याचेच मिळे. आजचे खाचांचे रबरी बुश याच तत्त्वावर चालतात. त्यांत पाणी खेळते राहिले पाहिजे.

पर्यटन नौका : पर्यटकांना फिरवणाऱ्या, मागे टांगलेल्या इंजिनाच्या बोटींना हे काम करावे लागत नाही; त्यांचे इंजिन अख्खेच उतरवता येते.

परत बसवणे : पॅकिंगच्या कड्यांचे सांधे एका रेषेत ठेवत नाहीत. फिरताना ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी यावे. पूर्ण कोरडा आवळल्यास शाफ्ट तापतो. पाण्यात उतरल्यावर नौकेचा सांगाडा किंचित आकार बदलतो, म्हणून कपलिंगची अखेरची जुळणी नौका तरंगू लागल्यावरच करावी. १०० मिमी व्यासाच्या फ्लँजला कडेच्या फटीतला फरक साधारण ०.१ मिमीपर्यंत चालतो. फिलर गेजने ही फट चारही बाजूंनी मोजल्याशिवाय नौका समुद्रात नेऊ नये.