मुंबई प्रांतिक विधिमंडळ

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यासाठी कायदे करणारी संस्था. १९३६ पर्यंत तिचे क्षेत्र सिंधसह होते. १८६१ च्या कायद्यान्वये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात केवळ कायदे करण्यापुरते चार ते आठ जादा सभासद नेमण्याची तरतूद झाली. त्यांपैकी निदान निम्मे बिनसरकारी असत. जगन्नाथ शंकरशेट यांची १८६२ मध्ये अशी नेमणूक झाली. सभासदांना प्रश्न विचारण्याचा वा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार नव्हता.

१८९२ च्या कायद्याने हे दोन्ही अधिकार मर्यादित स्वरूपात मिळाले. नगरपालिका, स्थानिक मंडळे, विद्यापीठ इत्यादींनी सुचविलेल्या व्यक्तींना गव्हर्नर नेमू लागला. कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द कटाक्षाने टाळला असला, तरी प्रत्यक्षात ती अप्रत्यक्ष निवडणूकच होती. फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक व गोपाळ कृष्ण गोखले याच मार्गाने परिषदेत आले. १९०१ मध्ये जमीन महसूल सुधारणा विधेयकाच्या निषेधार्थ मेहता, गोखले प्रभृती सभासदांनी सभात्याग केला. मतदानात सरकारचा पराभव अशक्य असल्यामुळे निषेधाचे तेवढेच साधन त्यांच्या हाती होते.

१९०९ च्या सुधारणांनी बिनसरकारी सभासदांचे बहुमत आणि मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आणले. विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकावरून १९१८ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला.

१९१९ च्या कायद्याने प्रत्यक्ष निवडणूक सुरू होऊन ८६ सभासद निर्वाचित झाले. बहुसदस्य मतदारसंघांत मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. शिक्षण, आरोग्य इ. सोपीव खाती मंत्र्यांकडे, तर जमीन महसूल, पोलीस ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. १९२१ मध्ये परिषदेने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव संमत केला. सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस केली. तथापि तिच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह करावा लागला.

१९३५ च्या कायद्यान्वये द्विगृही विधिमंडळ अस्तित्वात आले. विधानसभेच्या १७५ जागांपैकी ११४ सर्वसाधारण (त्यांत १५ अनुसूचित जातींसाठी राखीव), २९ मुसलमानांच्या व उरलेल्या स्त्रिया, कामगार, व्यापारी, जमीनदार इत्यादींच्या होत्या. विधानसभेची मुदत पाच वर्षे होती. विधानपरिषद मात्र कायम असून तिचे एकतृतीयांश सभासद दर तीन वर्षांनी निवृत्त होत. बहुसदस्य मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते मतदारास असत व ती सर्व एकाच उमेदवारास देता येत. त्यामुळे अल्पसंख्य गटांना आपला प्रतिनिधी निवडून आणणे शक्य झाले. १९३७ च्या निवडणुकीनंतर ग. वा. मावळंकर सभापती झाले व जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ आले. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. खोती कायद्याने रद्द होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर १९४६ पर्यंत गव्हर्नरची राजवट होती.

या काळात विधिमंडळाचे अधिकार जसे वाढले, तसा मतदारवर्ग विस्तारला नाही. मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींमुळे कुळे, शेतमजूर व बहुसंख्य स्त्रिया मताधिकारापासून वंचित राहिल्या. त्यांच्या जीवनाशी निगडित प्रश्न सभागृहात आले, तरी त्यांवर निर्णय देणारे सभासद त्यांनी निवडलेले नव्हते. १९५१–५२ च्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार लागू झाला, तेव्हाच हा खंड बुजला.