८७० मेंढ्या आणि एक गोळी

धाराशिव जिल्ह्यात दवाखाना चालवताना एक तक्रार मी वारंवार ऐकतो. 'डॉक्टर, थायरॉइडची गोळी रोज घेते, रिपोर्टबी नॉर्मल आलाय, पण अंगात बळच नाही.' घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे ना, मग हिचं काय दुखतंय? खरं तर या बाईच्या तक्रारीला मोठा इतिहास आहे.

१८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. चेहरा सुजलेला, बोलणं जड, हालचाल मंद झालेली ती बाई सुधारली आणि त्यानंतर २८ वर्षं जगली. त्यासाठी ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १८९२मध्ये डॉ. फॉक्स यांनी तर सुईही टाळली. ग्रंथी हलकी तळून, बारीक करून, फळांच्या जेलीबरोबर खायला दिली. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात याचं फारसं नवल वाटू नये. तेव्हा आजच्यासारखी रक्ततपासणी नव्हती. गुण आला की नाही, हे रोग्याकडे बघून आणि त्याला विचारूनच ठरे.

१९१४च्या नाताळात अमेरिकेत केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं. १९५२मध्ये ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना टी-३ हे दुसरं, अधिक जोरकस संप्रेरक सापडलं. मेंढीच्या ग्रंथीत ही दोन्ही असत. पण शरीर थायरॉक्सिनपासून टी-३ स्वतःच बनवतं, हे १९७०मध्ये दिसलं आणि एकट्या थायरॉक्सिनवर भागू लागलं. बहुतेकांचं भागतंही. काहींचं मात्र नाही. १९९९मध्ये लिथुआनियातील छोट्या अभ्यासात दोन्ही औषधं मिळून दिल्यावर रुग्णांना अधिक बरं वाटलं. पुढच्या बहुतेक अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही.

मी आधी साधे प्रश्न विचारतो. गोळी चहाबरोबर घेता का? लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेता का? बाटली मे महिन्यात पत्र्याच्या घरात तापते का? उष्णतेनं या गोळीचा जोर कमी होतो. मग हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, झोप. एवढं करूनही थकवा राहिला, तर तिला तज्ज्ञाकडे पाठवतो. टी-३ची गोळी द्यायची की नाही, ते हृदय तपासून त्यांनी ठरवायचं. गरोदर बाईला ती देत नाहीत. चिठ्ठीत रिपोर्टच्या आकड्याखाली तिची तक्रार मी तिच्याच शब्दांत लिहितो.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)