कापूसधूळ, फुप्फुसशोथ व कर्करोग

कापसावर प्रक्रिया करताना उडणाऱ्या सूक्ष्म धुळीमुळे श्वसनमार्गात शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण होतो. शोथाशी निगडित असलेली काही एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वाढीसही साहाय्यभूत होतात. म्हणून कापूसधुळीने कर्करोगही होतो काय, हा प्रश्न वऱ्हाडासारख्या कापूस-प्रदेशात महत्त्वाचा ठरतो.

मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर अमरावती जिल्ह्यातील बडनेरा हे प्रस्थानक कापसाच्या वाहतुकीचे केंद्र बनले. अमरावतीकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापूस दाबून गाठी बांधण्याचे कारखाने आणि कापडगिरणी सुरू झाली. सरकी काढताना व रुई पिंजताना पानांचा चुरा, माती आणि जंतू यांनी युक्त अशी धूळ उडते. तीमुळे होणाऱ्या विकारास ‘बिसिनोसिस’ म्हणतात. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण होय. भारतीय कायद्यानुसार तो नुकसानभरपाईस पात्र असा व्यवसायजन्य रोग आहे.

धुळीतील जंतूंच्या आवरणातून सुटणाऱ्या अंतर्विषामुळे फुप्फुसात श्वेत कोशिका जमतात व त्यांतून इलॅस्टेज हे एंझाइम स्रवते. ते फुप्फुसातील स्थितिस्थापक तंतूंचे विघटन करते. या एंझाइमास आवर घालणाऱ्या प्रथिनाची न्यूनता आणि वातस्फीती यांचा संबंध लॉरेल व एरिकसन यांनी १९६३ मध्ये दाखविला. सायक्लोऑक्सिजनेज हे दुसरे एंझाइम प्रोस्टाग्लँडिने तयार करते. ॲस्पिरीन ही निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले. प्रोस्टाग्लँडिनांवरील कार्याबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना बॅरिस्ट्रम व सॅम्युएलसन यांच्यासमवेत मिळाले. या एंझाइमाचा शोथसमयी वाढणारा दुसरा प्रकार १९९१ मध्ये ज्ञात झाला. फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. त्यायोगे अर्बुदात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. इलॅस्टेजही अर्बुदकोशिकांत शिरून त्यांच्या वाढीस चालना देते, असे उंदरांवरील प्रयोगांत २०१० मध्ये दिसून आले.

यावरून कापूस-कामगारांत कर्करोग अधिक आढळेल, अशी अपेक्षा होती. परंतु शांघायच्या स्त्री कापडकामगारांच्या पाहणीत (२००७) अंतर्विषाशी दीर्घकाळ संपर्क आलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट कमीच आढळला. पुढील पाठपुराव्यात हा संबंध तितका ठळक राहिला नाही. तसेच सायक्लोऑक्सिजनेजला रोखणारी औषधे रूढ उपचारांस जोडूनही रुग्णांचे आयुर्मान अपेक्षेप्रमाणे वाढले नाही.

तात्पर्य, शोथ-एंझाइमे कर्करोगाच्या वाढीस पोषक असली, तरी केवळ त्यांच्या उपस्थितीवरून कर्करोगाचे अनुमान करता येत नाही. विडी-सिगारेटच्या धुरात शोथकारक घटकांबरोबरच जनुकद्रव्यास इजा करणारी द्रव्येही असतात. म्हणूनच धूम्रपान हे या कर्करोगाचे प्रमुख कारण ठरते. कापूसधुळीचा निश्चित धोका श्वसनक्षमतेच्या ऱ्हासाचा आहे. धूळ शोषून घेणारी यंत्रणा, श्वसनक्षमतेची नियमित तपासणी आणि धूम्रपानाचा त्याग हे कामगारांच्या संरक्षणाचे प्रमुख उपाय होत.